जावेकडची ट्यूब

पलूस, मंगळवार, संध्याकाळ

सुमनकाकूंच्या गाईचा रिपोर्ट आला. कासेतल्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नाही. गाय वाचेल, पण सुजलेला सड गेलाच. हे कसं सांगायचं, ते ठरवतच काकूंच्या घरी गेलो.

चहाच्या दुधासाठी काकूंनी फ्रिज उघडला, तर त्याच्या दारात विरजणाच्या वाटीशेजारी सडात सोडायची अँटिबायोटिकची एक ट्यूब.

"ही कुणाची?"

"जावंची. तिच्या गाईचं दूध साफ दिसाय लागलं, मग उरलेली आमाला दिली. आमी बी देतो की, डाक्टर. वाया कशाला घालवायची?"

विरजण द्यावं तसं औषध देतात. अर्धवट डोस या गाईला, उरलेला त्या गाईला. जंतू मरत नाहीत, सरावतात. आजही रिपोर्टसकट सगळं समजावून सांगितलं. किती गोठ्यांत सांगून झालं असेल? काकू मान हलवत राहिल्या.

मी गाडीला किल्ली लावली, तोच त्या ट्यूब घेऊन दारात आल्या.

"आमच्या गाईला चालत न्हाई, तर जावंला परत देऊ का? तिच्या गाईचा सड पुन्यांदा सुजलाय."

रागवायचं तरी कुणावर? ट्यूब मागून घेतली. किल्ली काढून खिशात टाकली. जावेचा गोठा शेजारीच होता.