ख्रिस्ताच्या पापण्या

बाबा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. चर्चमधल्या लाकडी ख्रिस्ताचे डोळे मुळातच मिटलेले आहेत, असं मी ठामपणे म्हटलं होतं. तसं नाही. फादरांच्या सांगण्यावरून मूर्ती स्वच्छ करताना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातला रंग ओल्या कापसाने सोडवला, तर खाली आणखी एक डोळा निघाला. अर्धा उघडा, बुबुळ वर गेलेलं. त्यावरच्या मिटलेल्या पापण्या तुमच्या आहेत. खडू आणि सरसाचा लगदा इतका पातळ चढवणारा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

तुम्ही असं का केलंत, हे कोणाला विचारावं लागलं नाही. आपल्या घरी गणपतीचे डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे, आणि तेही तुम्हीच. डोळे आले की मूर्तीत जीव आला. मी लहानपणी एकदा ओल्या मूर्तीला तुमच्या आधी डोळे काढले होते. तुम्ही मारलं नाही, हातातला ब्रश काढून घेतलात. "अंग कच्चं आहे त्याचं अजून," तुम्ही म्हणालात, "अन् तू त्याले पाहायले लावून राहिली?" अशा माणसाच्या हाती पाचशे वर्षांपूर्वीचा, युरोपातून जहाजाने आलेला हा ख्रिस्त दिला गेला. लोकांच्या ओठांनी झिजलेले पाय तेवढे रंगवा, इतकंच सांगितलं होतं. पण दर गुड फ्रायडेला त्याला शवपेटीत निजवतात, आणि त्याचे डोळे उघडे. जिवंत माणसाला पेटीत घालताहेत, असं तुम्हाला वाटलं असणार.

तो जिवंत नाही, बाबा. हॉस्पिटलमध्ये तुमचे डोळे असेच राहिले होते. मी बोटांनी मिटवते आहे, आणि ते पुन्हा तेवढेच उघडताहेत. शेवटी नर्सने ओला कापूस ठेवला. ज्याने हे लाकूड कोरलं, रंगवलं, तो कोणाच्या तरी उशाशी असाच बसला असेल. ओठ निळे आहेत, जखमांच्या कडा हिरवट. त्याचं काहीही चुकलेलं नाही.

फादर म्हणतात, मूळचं आहे ते दिसू द्या. पण रोज त्या पायांशी बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी काल माझं मनगट धरलं. त्यांचा मुलगा कारखान्यात भाजून गेला. घरी आणला तो तोंड झाकलेलाच, कोणी पाहू दिला नाही. तेव्हापासून त्या हाच चेहरा पाहत आल्या आहेत. "मेलेल्याचे डोळे काहून उघडून राहिली वं पोरी?" त्या म्हणाल्या. "निजला हाये तो. निजू दे."

घरी येऊन हात धुतले, पुन्हा धुतले. तुमच्या पापण्या ठेवल्या तर कोरणाऱ्याने पाहिलेलं मरण खोटं ठरतं. काढल्या तर त्या बाईंच्या मुलाचे डोळे मी उघडते. दोन्हींतून सुटका नाही. या गुड फ्रायडेला तो तुमच्या पापण्यांखालीच निजेल, एवढं मी त्यांना आज सांगून आले. पुढचं ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

हेही पत्र मागच्यासारखं तुमच्या रंगांच्या पेटीत राहील. पापण्या अखंड निघाल्या तर त्याही तिथेच ठेवीन. त्या ठेवून घेण्याबद्दल फादरांना मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. डाव्या डोळ्यापासून सुरुवात करीन, ईस्टरनंतरच्या मंगळवारी.