मृगातली लाली

जिंतूर, मार्गशीर्ष वद्य ८, शके १८६२

शास्त्रात महापातके पाच सांगितली आहेत. चहात गूळ घालणे हे सहावे, आणि ते आबासाहेब जहागीरदारांकडे दोन्ही वेळा घडते. बाकी पाहुणचार राजेशाही. माझ्यासारख्या, गावात पंडितजी म्हणवणाऱ्या बातमीदाराला त्यांनी सपत्नीक बोलावले, ते मृगातल्या तेजोमेघाचे रंगीत छायाचित्र काढायला. तांबडी, हिरवी, निळी अशी काच बदलून तीन प्लेटा घ्यायच्या, रंगवून एकावर एक ठेवायच्या. गच्चीवरच्या दुर्बिणीला ताऱ्यांबरोबर फिरवणारे घड्याळयंत्र अधूनमधून चुकते, म्हणून कुणीतरी तिला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून तारा काचेवरच्या फुलीवर धरून ठेवावा लागतो. ती नजर आमच्या सौभाग्यवती नर्मदाबाईंची. स्वयंपाकीण कडूबाई म्हणाली, मृगाच्या बाणाकडं सवाष्णीनं टक लावू न्हाई, लय वंगाळ. मी तिला मृगाची पुराणकथा सविस्तर ऐकवली. ती म्हणाली, मला भाकरी टाकायच्यात.

वद्य १०

हिरवी, निळी झाली. काल तांबडी घेतली. त्या काचेतून उजेड थोडा येतो, बैठक लांबली. मला मृगात राखेचा धूर दिसतो. सौभाग्यवती म्हणाल्या, पळस फुललाय. मी म्हटले, घरात एक कवी पुरे. प्लेट अपेक्षेपेक्षा गडद उतरली. आबासाहेब खूश.

वद्य ११

जहागीरदारीणबाईंकडे हळदीकुंकू. नर्मदेने सवाष्णींच्या कपाळी कुंकवाऐवजी बुक्का लावला. बायका उठून गेल्या. घरी येऊन मलाच विचारते, दोन्ही करंड्यांत काळेच कशाला भरतात. मी तिला रागावलो. मग तिच्या ओठांकडे पाहिले, त्यांतली लाली गेली होती.

वद्य १३

विळीवर तिचे बोट कापले. आले ते राखी पाणी.

कडूबाई आता सांगते, गेल्या साली ताडकळसचे दिनकरराव मास्तर तिथंच बसायचे, पांढरे पडून मेले. आबासाहेबांना जाऊन विचारले. म्हणाले, अहो पंडितजी, मास्तरांची प्लेट फिकी निघाली होती, बाईसाहेबांची बघा कशी आलीय. अजून एक बैठक होऊ द्या. पानाचा डबा त्यांच्या अंगावर फेकला. हसले. गाडी मागितली, तर बैल चरायला गेलेत म्हणाले. बैल समोर दावणीला होते. नीच, नीच माणूस.

चतुर्दशी

गावातल्या सटवाजीची गाडी ठरवली. वेशीपाशी नर्मदा उतरली, चालत परत आली, गच्चीवर गेली. म्हणते, लाल फक्त तिथंच उरलंय, मला या काळ्या जगात कुठं नेता. कधी नव्हे ते ओरडली. माझ्यावर.

अमावास्या

कालपासून वरच. दिवसाही डोळा काढत नाही. बंद पेटीतली प्लेट आणखी गडद — कुणी हात लावलेला नाही —

आबासाहेब दारात उभे, नवी प्लेट घेऊन. ढकलून दिले. थुंकलो. राग संपत नाही.

कुऱ्हाड आणली आहे. दुर्बीण फोडली नाही, तर नर्मदा जाईल. फोडली, तर कदाचित राहील, आणि उरलेला जन्म माझा द्वेष करील. खरी भीती मला या दुसऱ्या गोष्टीचीच वाटते. म्हणून अजून खाली बसून लिहितो आहे, आणि वर तिचा श्वास —