सासूबाईंच्या खुर्चीवरचे चौदा अभ्रे

लोपिनो,
आगमनकाळाचा तिसरा रविवार

सौ. युलाली वन्सं यांना क्लोटिल्डचा वाकून नमस्कार.

देवमातेच्या कृपेने इकडे सगळे सुखरूप आहोत. तुमच्या गुडघ्यांना टोबॅगोची हवा मानवली का, ते कळवावे. ह्यांचा खोकला कोको वाळवायचे दिवस संपले तसा आपोआप गेला. मी त्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना धरली होती, ती पाचव्या दिवशीच सुफळ झाली. (उरलेले चार दिवस तुमच्या गुडघ्यांच्या नावे केले.)

पत्र लिहायला कारण असे विशेष काही नाही. नाताळचे घर आवरायला काढले आहे. भिंतींना रंग झाला, चारही लाकडी मॉरिस खुर्च्यांना व्हार्निश झाले, आता राहिले पडदे आणि कुशनचे अभ्रे. नाताळच्या आदल्या रात्री घरोघर गाणारी मंडळी दारात यायची आणि खुर्च्यांवर गेल्या वर्षीचेच अभ्रे दिसायचे, म्हणजे काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. बिचाऱ्या रेमोनाच्या घरी तसे एकदाच झाले, तर अजून तिची ओळख करून देताना लोक अभ्र्यांपासून सुरुवात करतात.

तर ह्या वर्षी अभ्रे घरी शिवायचे ठरवले. ठरवले कसले, दुसरा मार्गच नाही. गावात शिलाईवाली एकच, समोरची डेल्फीन, आणि तिच्या दारात आपल्या घरचे कापड जायचे नाही ही तुमची चौदा वर्षांपूर्वीची आण. (आण तुम्ही घातलीत, लग्न होऊन टोबॅगोला तुम्ही गेलात, पाळते मी. तक्रार नाही, नुसते लिहिले.) तुमचा पिवळा सॅटिनचा झगा नाचाच्या आदल्या दिवशी वाळत घातलेल्या दोरीवरून नाहीसा झाला, आणि मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर तुम्ही सगळ्यांदेखत डेल्फीनला चोर म्हणालात, तेव्हा मी नवी सून होते. झग्याचे तुटून घरात राहिलेले, कापडाने मढवलेले एक बटण घेऊन तुम्ही घरोघर विचारत फिरला होतात, ते मला अजून दिसते.

अभ्रा शिवण्यात कठीण काही नाही. मॅट्रिकपर्यंत भूमिती शिकलेल्या बाईला चौकोन यायलाच हवा. पुढे एक तुकडा, मागे एकमेकांवर येणारी दोन टोके, पाकिटासारखी. चेन नाही की बटण नाही. हाताशी आले ते सासूबाईंच्या खुर्चीचे कुशन. त्यावर टेप धरली, मापे लिहिली, त्या मापाने चारही खुर्च्यांचे कापड बेतले, मशीनवर क्रूसाची खूण केली आणि संध्याकाळपर्यंत चारही शिवून काढले. पैकी तीन कुशनांना ते असे झाले की ह्यांनी घालून पाहिले तर कुशन आतल्या आत फिरायला लागले. हे म्हणाले, “पोत्यात मांजर घातलंयस की काय?” चौथा मात्र सासूबाईंच्या कुशनला बेताचा बसला. म्हणजे ते कुशनच एकटे जाड. का?

इथे मला राहवेना. त्या कुशनच्या कोपऱ्यातला एक टाका जरासा उसवला. खाली जुन्या अभ्र्यावरचा हिरवा पोपट दिसला. तो पोपट मीच तर गेल्या नाताळला झाकला होता! सासूबाई त्या खुर्चीचा जुना अभ्रा कधी काढत नसत, त्यावरच नवा चढवत, आणि ते कामही दुसऱ्या कोणाला करू देत नसत. त्यांच्यामागे मीही दोन वर्षे तसेच केले. (ह्या काटकसरीबद्दल मी फादरांसमोर त्यांचे कौतुक केले आहे.) पोपटाखाली काय असेल? लाल चौकडा. चौकड्याखाली? जास्वंद. मग जेवणही राहिले. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर एकेक अभ्रा मी टिपून ठेवत गेले. चौदा भरले. चौदाव्याखाली पिवळे सॅटिन निघाले आणि त्याला कापडाने मढवलेली पाच बटणे.

वन्सं, चोर आपल्याच बैठकीत होता आणि आपण त्यावर बसत होतो.

मी कुशन पालथे घातले आणि जपमाळ ओढली. मेलेल्या माणसाची झाकली मूठ आपण का उघडावी? कोणाला काही बोलायचे नाही असे मी ठरवले आहे, आणि तुम्हीही हे वाचून विसरून जावे. मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय,
क्लोटिल्ड

ता. क. : पत्र बंद करण्याआधी तो पिवळा अभ्रा पिशवीत घालून डेल्फीनकडे जाऊन आले. कारण साधे. त्याची शिवण फार सुबक होती, आणि सासूबाईंची शिवण तुम्हाला ठाऊक आहे. डेल्फीनने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, “सापडला होय? बस.” मग सांगितले. सासूबाईच झगा घेऊन परसदाराने तिच्याकडे गेल्या होत्या. एवढ्या मोठ्या गळ्याच्या झग्यात माझी मुलगी नाचायला जायची नाही म्हणाल्या. “मी म्हटलं, मावशी, जाळी लावून देते. तर म्हणाल्या, जाळी नको, कुशन कर.” आणि कोणाला न सांगण्याची शपथ घातली. दोन दिवसांनी ही चोर ठरली. मी म्हटले, अगं, मग बोलायचेस तरी. सासूबाई जाऊनही दोन वर्षे झाली. तर म्हणते, “माणूस गेलं म्हणून शब्द जातो का? आता कुशनच बोललं, त्याला मी काय करू?”

दर नाताळला सासूबाई केळीच्या पानातले पस्तेल तिला पाठवायच्या. मी नेऊन द्यायचे, आणि चोरालाही खाऊ घालणारी सासू मिळाली म्हणून मनात हात जोडायचे.

आणखी ता. क. : तुमची आण मी मोडली. डेल्फीन सध्या आपल्या बैठकीत बसून ते तीन ढगळ अभ्रे आत घेते आहे, आणि चौदा उतरल्यावर आता चौथाही ढगळ झाला. आता खरे मागणे. चोवीस तारखेच्या सकाळच्या बोटीने तुम्ही या. मिस्सा सुटल्यावर त्याच पायऱ्यांवर, ज्या आवाजात तुम्ही ‘चोर’ म्हणालात त्याच आवाजात, काय ते बोला. गुडघ्यांसाठी आणखी नऊ दिवस धरते, पण सबब नको.

शेवटचे : सासूबाईंच्या खुर्चीवर यंदा पिवळा अभ्राच वरून घालणार आहे, त्याच खुर्चीवर तुम्हाला बसवणार आहे, आणि शेजारी डेल्फीनला. मागच्या बाजूला मिटवलेल्या गळ्याची शिवण अजून दिसते, म्हणून टेप लावून पाहिली. रागावू नका वन्सं, गळा खोलच होता.