शादलीची भरभराट

८ जून

शादलीचा अर्ज फेटाळला! टोपीबाजारातला पहिला अर्ज, माझ्या हातानं भरलेला – आणि फेटाळला!

आयुष्य करखात्याच्या मार्गदर्शन खिडकीत काढलं. निवृत्त झालो तरी बाजाराच्या अमीननी, म्हणजे प्रमुख सी मुख्तारनी, चहाच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल दिलं. "सी ताहर, साथीपायी सरकारनं सवलती दिल्यात. आमच्या लोकांच्या डोक्यात जरा शिरवा." शिरवलं की! कराचे हप्ते पुढे ढकलता येतात. विक्री शून्य असली तरी शून्याचं विवरणपत्र भरायचंच. कामगारांना काढू नका – काम थांबलंय एवढं कळवा, पगाराचा हिस्सा सरकार थेट त्यांच्या खात्यात टाकेल. सगळ्यांनी माना डोलावल्या, पुदिन्याचा चहा प्याले आणि घरी गेले. अर्ज केला एकट्या शादलीनं.

बायको, शेरिफा, म्हणते, "अर्जात कविता घुसडली असेल तुम्ही."

नाही घुसडली. एक ओळ सुचली होती, ती खोडली.

९ जून

उलगडा झाला! खात्यातून चौकशीचा फोन आला होता. बाईनं विचारलं, "धंदा कसा आहे?" आणि आमचा शादली म्हणाला, "भरभराट आहे, अल्लाची कृपा!"

"अरे गाढवा, मार्चपासून एक टोपी विकली नाहीस तू!"

"मग काय, बसलाय म्हणू? बापाच्या गादीवर बसून?"

"हो!"

"आणि नजर लागली म्हणजे?"

"आता आणखी कशाला लागणार? शिल्लक काय आहे?"

रागावून त्यानं तोंड फिरवलं. मला हसू आवरेना. पण त्याचा एकट्याचा काय दोष? आमच्याकडे कोळशालासुद्धा 'पांढरा' म्हणायचं, अशुभ शब्द घरात नको म्हणून. मग दुकान बसलं असं कोण म्हणेल? ते 'विसावतं'. करखात्याच्या रकान्यात मात्र विसावा बसत नाही.

फेरविचाराचा अर्ज टाकला. पुन्हा फोन येणार. आणि शादली पुन्हा तोंड उघडणार!

१० जून

शादलीच्या उंबऱ्यावर मांजर झोपलं होतं. सकाळी तिथंच, संध्याकाळीही तिथंच. भरभराट आहे.

१२ जून

फ्राज भेटला. शादलीच्या चार कामगारांतला सगळ्यात जुना. टोपीवर काटेरी बोंड फिरवून लव उठवतो, निम्मं आयुष्य त्यातच गेलं. आता हात रिकामे, तर स्वतःच्याच कोटाची बाही कुरवाळत होता.

"सी ताहर, मालकांना समजवा. त्यांची भरभराट आम्हाला परवडत नाही."

मी हसलो. तो नाही हसला. म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत बघतो. मेव्हण्याच्या वीटभट्टीवर माणसं हवीत. आम्ही चौघंही जाऊ."

हे चौघे गेले की शादलीचं दुकान संपलं. नवीन माणूस शिकायला येतो कुठे आता?

१५ जून

रंगीत तालीम. मी खात्यातली बाई झालो, आवाजही बारीक काढला.

"धंदा कसा आहे?"

"भर–"

"शादली!"

"भर... भरपूर शांत आहे."

"शांत म्हणजे?"

"म्हणजे गर्दी नाही. मोकळं मोकळं, हवेशीर."

तेवढ्यात सी मुख्तार दारातून डोकावले. "काय सी ताहर, माणसाला रडायला शिकवताय? आमच्या बाजारात रडगाणं चालत नाही. माझ्याकडे बघा – जेवायला फुरसत नाही!" हात पाठीशी बांधून गेले आणि आपल्या दुकानात जाऊन बसले. चार तास बसलेच होते. पण त्यांना कोण सांगणार? अमीन ते!

१७ जून

काल झोपताना शाळा आठवली. छडी आपटत मास्तर जुने कसीदे, म्हणजे अरबी दीर्घकाव्यं, पाठ करून घ्यायचे, शादली नि मी एका बाकावर. प्रत्येक कसीद्यात कवी प्रेयसीच्या टोळीनं सोडून दिलेल्या उजाड तळापाशी उंट थांबवणार, सोबत्यांना थांबवणार, आणि मनसोक्त रडणार. चुलीचे काळे दगड, वाऱ्यानं पुसलेल्या खुणा... मला अजून भरून येतं.

सकाळीच शादलीला गाठलं. "पंधराशे वर्षं आपले कवी सगळं उजाड झालं म्हणून चारचौघांत सांगताहेत. कुणाचा अर्ज फेटाळला गेला का?"

"मला तेव्हाही वाटायचं, हा पुढे का निघत नाही? उंट बिचारा ताटकळलाय!"

खूप हसलो दोघं. मग तो टोपी हातात फिरवत बसला. "पण ताहर, तो तळ तिच्या माणसांचा असतो रे. हा माझा आहे."

माझ्या पाठ असलेल्या हजार ओळी चाळून बघितल्या. दुकान बसल्याची त्यात एकही नाही!

२३ जून

फोन आला. शादलीला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा केलेला. सगळी गल्ली ऐकत होती.

"धंदा कसा आहे, सी शादली?"

मी डोळे वटारले. त्यानं माझ्याकडे नाही, फ्राजकडे बघितलं.

"बसलाय, बाई. लिबियाची सीमा बंद आहे, तिकडे जायचा माल तसाच पडून आहे. दार उघडतो ते लाजेखातर. माझी चार माणसं वीटभट्टीवर निघालीत."

पलीकडे बाईचं पेन खरडलं. "अल्ला पदरात घेवो," म्हणाली. "लिहून घेतलं."

शादलीनं गादी झटकली – दोनदा झटकली – आणि पुन्हा बसला. आभाळ कोसळलं नाही.

२४ जून

सकाळीच शेजारचा दुकानदार आला. "सी ताहर, सहज विचारतो. एका ओळखीच्या माणसाचं दुकान... विसावलंय." दुपारी दुसरा. त्याचाही ओळखीचा माणूस! संध्याकाळपर्यंत टेबलापाशी रांग, आणि प्रत्येकजण पुढच्याला सांगतोय – माझं नाही हो, ओळखीच्याचं! दर एकाला वाटत होतं, आपलंच तेवढं बुडालं, बाकीच्यांचं जोरात आहे.

शेरिफा म्हणाली, "इतकी गर्दी? कवितावाचन होतं वाटतं!"

३० जून

मंजूर! चौघांच्या खात्यात मदत जमा. फ्राजच्या बायकोनं खजुराची मकरूद मिठाई पाठवली. वीटभट्टीवर जाणं राहिलं.

शादलीला विचारलं, "कसं काय?" म्हणाला, "भरभराट आहे!" म्हणू दिलं.

२ जुलै

चहाच्या दुकानातली पोरं खुर्च्या उलट्या ठेवत होती तेव्हा सी मुख्तार आले. अमीन! समोर बसले. मी न विचारताच कोरा अर्ज काढला आणि 'काम कधीपासून बंद' पुढे मार्च लिहायला लागलो.

त्यांनी माझा हात धरला. "मार्च नको. साथीच्या आधीपासून बंद आहे. दोन वर्षं."

"सी मुख्तार, मग ही सवलत तुम्हाला–"

"नाही लागू होत. ठाऊक आहे. अर्ज करायला आलोच नाही मी," ते म्हणाले. "लोक म्हणाले, तुमच्या टेबलाशी बसलं की बोलता येतं."