चांदी-सोनीचे खांदे

यवतमाळ
पोळ्याचाच आठवडा, २००६

तीर्थस्वरूप वामनमामांस सलीलचा साष्टांग नमस्कार. रजनीमामींचे गुडघे आता जिना चढू देत असतील आणि अंगणातली शेवंतीची रोपं तरारली असतील, असं धरून चालतो. मी खुशाल आहे. प्रयोगाचं मात्र विचारू नका, मीच सांगतो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूंच्या पेशी आम्ही चांदी नावाच्या शेळीच्या खांद्यात टोचल्या. तिची जुळी बहीण सोनी, तिला नुसतं मिठाचं पाणी. पेशी जगतात का, वाढतात का, हे दर आठवड्याला टेपने खांदा मोजून बघायचं. (टेपचे पहिले चार इंच सोनीने खाल्ले, तेव्हापासून आमचे आकडे चार इंचांनी श्रीमंत आहेत.) दोघी इतक्या सारख्या, की चांदीच्या खांद्यावरच्या निळ्या ठिपक्यावर आमची सगळी अब्रू टिकून होती.

तो ठिपका देवीलालने पुसला. देवीलाल म्हणजे शेळ्या सांभाळणारा आमचा माणूस, आर्णीकडच्या तांड्यावरचा. कापसाच्या पडत्या भावात त्याची बैलजोडी गेली. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदे हळद-लोण्याने चोळायची सवय काही हातांतून जाईना. मग त्याने शेळ्यांचे चोळले! वर "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं बैलांना देतात तसं रीतसर निमंत्रणही दिलं. सकाळी बघतो तर दोघी पिवळ्याधमक, आणि चांदी कोणती ते चांदीलाही सांगता येईना.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, दोघी काप आणि खांदे सूक्ष्मदर्शकाखाली बघ, नाहीतर नव्या शेळ्या आणून वर्ष घालव. मी गेलो, तर देवीलाल दारात आडवा. "दादा, आवतन देल्लं म्या त्यायले. जेवाले बलावलेल्या पाव्हनीले कापतेत का जी?" मला रडूच आलं, मामा. सरांना जाऊन सांगितलं, वर्ष घालवतो. त्या दिवशी पुरणपोळी शेळ्यांनीही खाल्ली आणि मीही.

वडीलधाऱ्यांना अधिक काय लिहू.

आपला भाचा,
सलील

ता. क. : वर्ष गेल्याचं बाबांना तुम्हीच सांगा. तुमच्यावर ते कमी ओरडतात.

ता. क. २ : सरांनी शेळ्या मला देऊन टाकल्या, आणि माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. तांड्यावर ठेवल्या तर दसऱ्याला कोणाच्या तरी ताटात जातील, असं देवीलालचंच म्हणणं. तुमच्याकडे कोणी मटण खात नाही. हे पत्र आणून देणारा तोच. शेळ्या फाटकाशी असतील. पत्र जरा लांबलंय, तेव्हा आधी शेवंती बघून घ्यावी.

ता. क. ३ : दर पोळ्याला तो येईल. त्याला खांदे चोळू द्यावेत. त्याच्या गोठ्यात आता कोणी नाही. लोणी मात्र मामींनी द्यावं.