लुकासच्या कबरीतला शंख

मी, वेरोनिका पेनी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा विणकाम, राहणार वाइतोबी, लेम्बाटा बेट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी टाकून पाहिला ते खाली नावानिशी येतील.

१. राहते घर व मागची शेवग्याची झाडे माझा मुलगा लुकास ओला याला. तेवीस वर्षांपूर्वी देवमाशाच्या शिकारीला गेलेल्या होडीतून तो परतला नाही. कागदोपत्री तो मयत आहे. ते मी लिहिलेले नाही. तो येईपर्यंत माझी मुलगी आग्नेस हिने घरात राहावे आणि समुद्राकडच्या दाराला आतून कडी घालू नये.

२. दीर याकोबुस कोपोंग यांना या घरातली एक खुंटीही मिळू नये. सुकाणू त्या दिवशी यांच्या हातात होते. किनाऱ्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोर पायात अडकला आणि पोरगं खाली गेलं." समुद्रात गेलेल्याचे प्रेत मिळाले नाही की त्याच्या जागी शंख पुरण्याची आमची रीत आहे. यांनी माझे न ऐकता शंख पुरला आणि मोकळे झाले. पुढे आग्नेसच्या लग्नात ताडी चढली तेव्हा म्हणाले, "डोळ्यांत पाणी उडालेलं, दिसणार काय वहिनी? मान वर केली तर पोरगं नव्हतं."

म्हणजे पाहिले यांनीही नव्हते. न पाहता त्याच्या मरणावर विश्वास ठेवला म्हणून हे शहाणे, आणि मी न पाहता त्याच्या जगण्यावर ठेवला म्हणून वेडी.

३. माग आणि निळीची मडकी आग्नेसला. झाकण सारखे उघडून पाहू नये, नीळ बिघडते. हे तिला चाळीस वेळा सांगून झाले आहे.

४. जपमाळ फादर बेर्नार्डुस यांना. ते मला समजवायला आले होते. "मावशी, श्रद्धा देवावर ठेवावी, भलत्या आशेवर नाही."

"देव पाहिलाय का तुम्ही, फादर?"

"नाही."

"मग माझ्या पोरालाच का वेगळा नियम?"

चहा अर्धा टाकून गेले. देवाशी माझे रोज पहाटे भांडण होते. तो आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही. नसलेल्याशी कोण इतके भांडेल?

५. दरवर्षी मृतांच्या सणाला याकोबुस लुकासच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात आणि मला ऐकवतात, "आई असून येत नाही." भावजी, पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तो शंख उकरून काढला. तो माझ्या पेटीत लुकासच्या सदऱ्यात गुंडाळलेला आहे. तेवीस वर्षे तुम्ही रिकाम्या कबरीपुढे गुडघे टेकलेत. प्रभूची रिकामी कबर पाहून त्या बायका, तो जिवंत आहे, असे धावत सांगत सुटल्या, हे तुम्ही दर ईस्टरला ऐकता. तुमच्या डोक्यात काही शिरले नाही.

शंख लुकासच्या हातात द्यावा. तो त्याने स्वतः समुद्रात टाकावा.

लिहून घेणारे मास्तर म्हणतात, "आजी, नाही आला तर घर कोणाला, तेही लिहावं लागतं." ते मी लिहिणार नाही. ते लिहिले की वरचे सगळे खोटे होईल.

मास्तर असेही सांगतात, की ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार चालतो. म्हणून याकोबुस यांना बोलावले आहे. न पाहिलेल्याची साक्ष देण्याची त्यांना सवयच आहे.

ठिकाण: वाइतोबी. दिनांक: २ नोव्हेंबर २०१९.

सही: वेरोनिका पेनी

साक्षीदार:
१. दोमिनिकुस लागा, शाळामास्तर
२. याकोबुस कोपोंग. पेटी उघडायला लावून, शंख पाहून सही केली. समुद्राकडचे दार लावू नका म्हणाले.