सूत्र: दोनका मिन्कोवा, इमारत क्रमांक १४

४ मार्च, सकाळी ९
आजपासून नियम: दोन स्वतंत्र सूत्रं असल्याशिवाय कुठल्याही बातमीवर विश्वास ठेवायचा नाही. अडतीस वर्षं जिल्ह्यातल्या दुकानांचे वजनकाटे तपासून शिक्के मारले. बातम्या तपासणं त्यापेक्षा अवघड नसावं.

सुरुवात लगेच करावी लागली. आपल्या गावाच्या ‘नदीकाठ’ पोर्टलवर बातमी आहे. पार्किंगसाठी इमारतींसमोरचे बाक नगरपालिका काढणार. खाली रहिवाशांच्या प्रतिक्रिया. त्यात: “बाक काढला तर बोलायचं कुणाशी? घरी काय तो फ्रिजच गुणगुणतो. – दोनका मिन्कोवा, इमारत क्रमांक १४.”

दोनका माझी बायको. गेल्या वर्षी १९ एप्रिलला गेली.

मी शांत आहे. पोर्टलला ईमेल केला.

४ मार्च, संध्याकाळी
महत्त्वाचा मुद्दा ईमेलमध्ये राहिला. दोनका जिवंत असती तरी असं म्हणाली नसती. घरी मी होतो. चव्वेचाळीस वर्षं. रोज आठच्या बातम्या आम्ही एकत्र बघायचो. बातम्या चालू असताना बोलायचं नाही, एवढा एकच नियम. दुसरा ईमेल केला.

१० मार्च
उत्तर नाही. तिसरा ईमेल, सोबत मृत्यूचा दाखला. पोर्टल दिवसातून एकदाच उघडायचं असं ठरवलं आहे. आज अकरा वेळा उघडलं, पण ते दुरुस्ती आली का बघायला. ते मोजायचं नाही.

वाक्य अजून तिथेच आहे. नाव जाड अक्षरात.

१२ मार्च
लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची गिना भेटली. दोनकाची मैत्रीण. म्हणाली, “वाचलंस ना आपल्या दोनकाचं? मस्त छापलंय.” मी सांगितलं, धादांत खोटं आहे, मी पाठपुरावा करतोय. गिना दुसऱ्याच मजल्यावर उतरली आणि उरलेला जिना चढून गेली. खोट्या बातमीवर विश्वास ठेवल्याची लाज वाटली असणार.

१७ मार्च
पोर्टलच्या ऑफिसात गेलो. औषधांच्या दुकानावर एक खोली. तिथे इव्हेलिना नावाची मुलगी, एकटी, सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. संपादक म्हणे राजधानीत, सोफियात असतात. “सॉरी काका, मेल मीच वाचते, वाचायचे राहिले. बाकावर एक बाई होत्या, त्यांनी नाव सांगितलं, मी लिहिलं.” कोण बाई? “चष्मा, विणलेली टोपी.” आमच्या इमारतीत अशा नऊ आहेत. दुसरं सूत्र कुठे, विचारलं. हसली. “काका, पार्किंगच्या बातमीला?”

परतताना बसस्टॉपपाशी सगळा उलगडा झाला. काचेवर दोनकाचं निधनपत्रक. सहा महिने झाले तेव्हा मीच चिकटवलेलं, रिवाजाप्रमाणे. फोटो, पूर्ण नाव, इमारत. त्या मुलीने नाव इथूनच उचललं. जिवंत लोक नाव द्यायला घाबरतात, मेलेले तक्रार करत नाहीत. प्रकरण सुटलं. दुपारी छान झोप लागली.

२१ मार्च
दुरुस्तीचा मजकूर घेऊन पुन्हा ऑफिसात. “दोनका मिन्कोवा असं कधीही म्हणाल्या नव्हत्या. घरी बोलायला त्यांचे पती होते.”

इव्हेलिनाने दोनदा वाचलं. “काका, दुसरं वाक्य ठेवायचंच का?” ठेवायचंच. “आणि सूत्र कोण लिहू?” म्हटलं, मी. माझ्याएवढं खात्रीचं कोण आहे?

२४ मार्च
दुरुस्ती आली. मूळ वाक्य काढलं. वाचनालयात दोन प्रती छापून घेतल्या, एक इमारतीच्या दारावर लावली.

आता पोर्टल उघडायचं कारण उरलं नाही. दोनदा उघडलं.

२६ मार्च
गिनाने बेल वाजवली. दारावरची प्रत तिच्या हातात, चार घड्या केलेली. आत आली, बसली नाही. म्हणाली, “त्या पोरीला मीच सांगितलं. वाक्य दोनकाचं, म्हणून नावही तिचंच दिलं. माझं म्हणून छापलं असतं तर चोरी झाली असती.”

एका सूत्रावर माझा विश्वास नाही, म्हटलं. “मग औषधवालीला विचार. पोस्टातल्या त्या मार्गाबाईला विचार. सगळ्या बाकाला विचार.”

गमतीत म्हणाली असेल, म्हटलं.

“गमतीतच. रोज म्हणायची. आम्ही हसायचो, तीही हसायची.” मग दार उघडत म्हणाली, “तू वाईट नव्हतास, झाहारी. तू बातम्या बघत होतास.”

२८ मार्च
औषधवालीला विचारलं. विचारून पूर्ण व्हायच्या आत “फ्रिज ना?” म्हणाली. पोस्टातली मार्गाही तेच म्हणाली, शब्दाला शब्द. नियमाप्रमाणे दोन पुरेशी होती. तीन झाली.

२ एप्रिल
इव्हेलिनाकडे. म्हटलं, दुरुस्ती काढा, मूळ वाक्य परत लावा. तिने सोफियाला, संपादकांना फोन लावला. मग म्हणाली, “काका, नाही म्हणतात. घरच्यांनी सही करून दिलेली दुरुस्ती काढता येत नाही. सूत्र तुम्हीच होतात ना.” बिया पुढे केल्या. मी घेतल्या. खाली कॉमेंट लिहा, असं तिने सुचवलं.

कॉमेंट लिहिली: “म्हणाली होती.” पडद्यावर आलं: तपासणीसाठी प्रलंबित.

११ एप्रिल
बाक काढला. सिमेंटमध्ये चार भोकं राहिली आहेत. कॉमेंट प्रलंबित.

१९ एप्रिल
वर्ष झालं. रिवाजाप्रमाणे तिच्या नावाने वाटायला गहू उकडले, गिनाने सांगितले तसे. पाणी जास्त झालं. नवं निधनपत्रक बसस्टॉपवर लावलं. छापखान्यात मजकूर विचारला तेव्हा फ्रिजचं वाक्य सांगावं असं ठरवून गेलो होतो. ‘प्रेमळ पत्नी’ असं सांगून आलो.

संध्याकाळी आठला टीव्ही लावला नाही. स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीवर बसलो. फ्रिज खरंच गुणगुणतो. बावीस मिनिटं चालू, नऊ मिनिटं बंद. घड्याळ लावून तीनदा मोजलं.

दुसरं कुणी नव्हतं. सूत्र एकच.